सावडीचे त्रेचाळीस

वडिवळ्याच्या त्रेचाळीस माणसांना तुम्ही बनावट म्हणालात. तुम्ही म्हणजे नेमकं कोण, ते तिथं कुणालाच ठाऊक नाही. तुमचं ऑफिस कुठल्या देशात, खुर्चीवर माणूस बसतो की नुसतंच यंत्र घरघरतं, काही कळायला मार्ग नाही. गावात कुणाला खोटं पाडायचं तर समोर उभं राहावं लागतं, त्याच्या डोळ्यात बघावं लागतं. तुम्ही तेवढीही तसदी घेतली नाहीत. दोन ओळींचा निरोप धाडलात आणि एका घराची चूल विझवलीत.

ते घर माधवीचं. कामशेतहून आत वळलं की धरणाच्या अलीकडं. नवरा सत्यम आंबीच्या एका कारखान्यात कंत्राटी. सात महिने काम, मग घरी बसा, मग पुन्हा नवा कागद. घराला खरा धीर होता तो सासूच्या हाताचा. झुंबरबाई खेकड्याचा रस्सा असा करायची की खाणारा बोटं चाटत बसायचा आणि हात धुवायला उठायचं विसरायचा.

तीन वर्षांपूर्वी माधवीनं तांदळाच्या डब्याला टेकवून फोन चुलीपुढं उभा केला, व्हिडिओ काढले आणि ॲपवर टाकले. सासू भाकरी थापायची, बोलायची. "आगं, लाकूड वलं हाय. धूर बघणाऱ्याच्या डोळ्यात जाईल, त्यो फोन जरा लांब धर." एवढंच. ना गाणं, ना नखरा. पण लोकांना ते भावलं. 'झुंबरबाईची चूल' या पानाला एकवीसशे माणसं जोडली गेली आणि त्यातली पाच-पंचवीस दर रविवारी खरोखर जेवायला यायला लागली. वडिवळ्याला वाट चुकून कुणी येत नाही. महामार्गावरचं गिऱ्हाईक सरळ लोणावळ्याला जातं. या घराकडं येणारी वाट फोनमधूनच येत होती.

मग प्रेरणा आली. शहरातली माणसं बसनं खेड्यातल्या घरी जेवायला नेणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीची पोरगी. तिसरी भाकरी मागून घेतली, जाताना झुंबरबाईच्या पाया पडली. आठ दिवसांनी तिचा फोन.

"ताई, आमच्या यादीत यायला प्रभावाचा आकडा पन्नास लागतो. तुमचा एकतीस आहे."

"कसला प्रभाव?"

"किती जण बघतात, किती जण खाली लिहितात, किती पुढं पाठवतात. त्यावरून ॲप काढतं."

"आणि तुम्ही स्वतः जेवलात ते?"

"जेवले हो. घरी जाऊन आईलाही सांगितलं. पण माझ्या जिभेला त्या तक्त्यात रकाना नाही. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत यादी उघडी आहे. बघा काही होतंय का."

ही यादी म्हणजे वर्षभर दर शनिवार-रविवारी एक भरलेली बस. माधवी लोणावळ्याला इकबालकडं गेली. इकबालचं चिक्कीचं दुकान. घरचा इंद्रायणी तांदूळ तो तिच्याकडूनच न्यायचा आणि पान काढून द्यायलाही तोच बसला होता.

"वहिनी, माणसं विकत मिळतात," इकबाल म्हणाला. "समोरच्या दुकानवाल्यानं घेतलीत वीस हजार. नावं वाचा एकदा. ब्राझीलची, कुठली कुठली. जन्मात चिक्कीला दात लावला नाही, पण रोज सकाळी लाईकचा बदाम ठोकतात."

"पकडत नाहीत?"

"विकणारा हुशार असतो. थोडी थोडी सोडतो. आज दहा, उद्या पंधरा. अगदी खऱ्या माणसासारखी वागतात."

"नको भाऊ. ज्यांनी खाल्लं नाही त्यांनी कशाला ढेकर द्यायचा?"

घरी आल्यावर तिनं सासूला सगळं सांगितलं. झुंबरबाई पाट्यावर मसाला वाटत होती. "मंग किती मानसं कमी पडत्यात?"

"आत्या, माणसं नाही, आकडा कमी पडतोय."

"मानसाबिगर आकडा व्हतो व्हय? सावड घालू."

मावळात भातलावणीला कुणी एकटा वाकत नाही. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या सगळे तुझ्या. कुणी मजुरी मागत नाही. ज्याचं खाचर त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, एवढाच नेम. एका सकाळी चाळीस माणसं एका ओळीत उतरतात आणि दुपारपर्यंत रान हिरवं करून टाकतात. झुंबरबाईला वाटलं, हेही तसंच काम. तुम्हाला चूक बघायची असेल तर ती इथं आहे. दुसरी नाही.

बुधवारी दुपारी त्रेचाळीस माणसं माधवीच्या अंगणात जमली. आधी पंगत झाली, कारण सावडीला उपाशी कुणी राबत नाही. मग फोन निघाले. गावात रेंज धड नाही, म्हणून सगळे माधवीच्या वायफायवर. काय लिहायचं ते सुचेना, तेव्हा गावातल्या सोपाननं एक वाक्य मोठ्यानं सांगितलं, "झुंबरबाईच्या हातचा रस्सा एक नंबर," आणि शाळेत शुद्धलेखन घ्यावं तसं सगळ्यांनी ते उतरवून घेतलं. सतरा जणांचं खातंच नव्हतं; ती तिथंच काढली. म्हातारे हौशीरामआबा खात्यासाठी फोटो काढून घ्यायला लाजले.

"माझं थोबाड कशाला? म्हशीचा लावा. तिला तरी गिऱ्हाईक यील."

"आबा, म्हस तुमच्यापरीस देखणी हाय, हे तुमीच कबूल केलं बरं का!" कुणीतरी ओरडलं आणि अंगण हसून लोटपोट झालं.

शेजारची अंबूबाई तेवढी कोपऱ्यात बसून एकेक अक्षर शोधत होती. प्रौढांच्या वर्गात गिरवलेली अक्षरं, तीही वीस वर्षांपूर्वी. सगळे उठून गेले तरी तिचं बोट काचेवरच.

दिवस मावळायच्या आत आकडा बासष्ट झाला. माधवीनं लगेच प्रेरणाला कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उघडला तर पान बंद. तुमचा निरोप: 'एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी, त्रेचाळीस बनावट प्रतिसाद आढळले.'

इकबालनं फोनवर ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "वहिनी, एका वायफायवरून, एका तासात, एकच वाक्य? यंत्राला वाटलं, एकच माणूस खोलीत बसून बटणं दाबतोय. मला आधी विचारायचं ना!" मग त्यानंच तक्रारीचा फॉर्म शोधून दिला. फॉर्मात एक चौकोन होता. त्यापुढं लिहिलेलं: 'या खात्यासाठी बनावट प्रतिसाद घेतले, हे मला मान्य आहे.' तिथं खूण केली की पाच मिनिटांत पान परत. ते त्रेचाळीस तेवढे पुसले जाणार.

"करून टाका ताई," प्रेरणा काकुळतीला येऊन म्हणाली. "आकडा नंतर वाढवू, साहेबांना मी पटवते. पण पान दिसलं पाहिजे. सहापर्यंत."

दिवस कलल्यावर बातमी ऐकून लोक पुन्हा अंगणात आले. कुणी रागावलं नाही, हे विशेष. उलट चोरी पकडल्यासारखे सगळे खाली बघत होते.

"कर खूण, पोरी," हौशीरामआबा म्हणाले. "खोटा म्हनल्यानं मी काय झिजतोय? तुझं काम झाल्याशी मतलब."

"व्हय, करून टाक," सोपान म्हणाला. "चूक माझीच हाय. लय शाना झालतो."

माधवीचं बोट चौकोनावर गेलं. तेवढ्यात अंबूबाई जवळ आली. "माजं बी पुसत्यात का गं?"

"सगळ्यांचंच, मावशी."

"मी त्ये रश्श्याचं न्हवतं लिवलं."

माधवीनं निरोपाखालची यादी उघडली. बेचाळीस ओळी सारख्या होत्या. त्रेचाळिसावी वाकडीतिकडी, काना-मात्रा हरवलेली: 'माज पोर गेल तवा मी जेवत नवते. हिन सव्वा महिना मला हातान भरवल.'

झुंबरबाईनं तोंड फिरवलं.

"जलमात तेवढंच लिवलं," अंबूबाई म्हणाली. "पुसायचं तर पुस. मी आपलं इचारलं."

माधवीनं बोट मागं घेतलं.

"आगं, मंग रयवारी काय करायचं?" झुंबरबाईनं हळूच विचारलं.

"माहीत नाही, आत्या."

खरंच माहीत नव्हतं. सत्यमचा कागद दोन महिन्यांत संपणार होता. सहाला पंधरा मिनिटं कमी होती. चौकोन तिनं मोकळाच ठेवला आणि खालच्या 'इतर माहिती'च्या रकान्यात, पाचशे अक्षरांच्या आत, टाईप करायला लागली:

'त्रेचाळीस जणांनी माझ्या अंगणात जेवून लिहिलं. एकदम लिहिलं, कारण आमच्यात काम एकदमच करतात. एकसारखं लिहिलं, कारण लिहायची सवय नाही. मी काही मान्य करत नाही. अंबूबाईची ओळ वाचा. यंत्राला वाचता येत नसेल तर माणसाकडं द्या. विकत घेतलेली वीस हजार तुम्हाला चालतात. मग सावडीला आलेली का चालत नाहीत? ज्यानं हे ठरवलं त्यानं खाली स्वतःचं नाव लिहून मला उत्तर द्यावं.'