मधल्या खिळ्यावरचा कंदील

मी एक जुना कंदील आहे, मित्रांनो. पण माझ्या उजेडात कुणी कधी अभ्यास केला नाही, की कुणाचे जेवण झाले नाही. माझ्या तीन बाजूंना पत्रा आहे आणि चौथ्या बाजूला लाल काच. त्या काचेतून मी समुद्राकडे बघतो. माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. तो कामापेक्षा बडबड जास्त करायचा. मला झाळ देताना म्हणाला, "तोंडाने काही देखणा झाला नाहीस, पण गळणार नाहीस एवढं नक्की." मी आजवर गळलो नाही. देखणाही झालो नाही.

आमचे गाव लहानसे. एक धक्का, एक बर्फाचा कारखाना, जाळी दुरुस्त करायची लांबलचक शेड आणि टेकडीच्या उतारावर घरे. कुठलीही खिडकी उघडा, सुकत घातलेल्या मासळीचा वास न विचारता आत येतो. खाडीच्या तोंडाशी दोन्ही अंगांना खडक आहेत आणि त्यांच्यामधून खोल पाण्याची एक अरुंद वाट. अंधार पडला की ती दिसत नाही, म्हणून ती आम्ही दाखवतो. आम्ही म्हणजे दोन कंदील. पांढरा खाली धक्क्याच्या खांबावर, आणि मी लाल, वर टेकडीवरच्या मावशीच्या व्हरांड्यात. होडीवाल्याने एवढेच करायचे, की लाल दिवा बरोबर पांढऱ्याच्या डोक्यावर दिसेल अशी होडी धरायची आणि सरळ आत यायचे.

पण यात एक गोम आहे. पाण्याखालची वाळू स्वस्थ बसत नाही, त्यामुळे वाटही कधी इकडे सरकते, कधी तिकडे. म्हणून व्हरांड्याच्या तुळईला माझ्यासाठी ओळीने खिळे ठोकलेले आहेत. दिवसा परतणाऱ्या एखाद्या होडीचा तळ वाळूला घासला, की ती माणसे आधी टेकडी चढून मावशीला सांगतात, आणि मावशी त्याच दिवशी मला दुसऱ्या खिळ्यावर टांगते. जे अजून समुद्रात आहेत त्यांना निरोप धाडावा लागत नाही. मी सरकलो म्हणजे वाट सरकली, हे ते लांबूनच ओळखतात. मी हातभर सरकलो, तर तिकडे खडकांपाशी वाट कितीतरी लांब सरकते. आणि मी पेटलेलोच नसेन, तर कुणी आत यायचेच नाही. बाहेर थांबून उजाडायची वाट बघायची.

मावशी साऱ्या गावाची मावशी. तिचा नवरा, म्हणजे काका, होडी घेऊन चार-चार दिवस बाहेर असायचा, आणि सोबत त्यांची एकुलती एक लेक. मुलीला होडीवर नेतो म्हणून आधी लोकांनी नाके मुरडली. पुढे एकदा काका तापाने फणफणलेला असताना तिने एकटीने भरलेली होडी आत आणली, तेव्हा तीच नाके आपोआप सरळ झाली.

मध्यंतरी गावात वीज आली आणि धक्क्याजवळ उंच खांबावर मोठा दिवा लागला. माझी रवानगी जिन्याखाली कांद्यांच्या टोपलीत झाली. खोटे कशाला बोलू, मला फार लागले ते. पण खाऱ्या हवेने त्या दिव्याची पार रया घालवली आणि वीजही रुसून बसू लागली. मग मावशीने मला बाहेर काढले, पदराने पुसले आणि म्हणाली, "चल रे बाबा, तुझ्यावाचून अडलंय सगळं." त्या दिवशी मला झोपायचे म्हटले तरी झोप आली नसती.

पुढे गावात पाहुणे येऊ लागले आणि मावशीने वरची खोली त्यांना द्यायला सुरुवात केली. पाहुणे विचारायचे, "इथे बघण्यासारखं काय आहे?" मावशी म्हणायची, "समुद्र आहे." "तो दिसतोच आहे. आणखी?" मावशी जरा विचार करून म्हणायची, "त्याच्या पलीकडेही समुद्रच आहे." ते हसायचे, माझे फोटो काढायचे, "किती जुना!" म्हणायचे. मीही मनातल्या मनात भाव खायचो.

अशातच तो घड्याळजी आला. शहरात घड्याळे दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. खोकल्यासाठी डॉक्टरांनी त्याला समुद्राची हवा खायला सांगितले होते. माणूस सज्जन. बिघडलेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. आल्या आल्या त्याने स्वयंपाकघरातले बंद घड्याळ चालू केले, मग दाराची कडी नीट बसवली. मावशीला कोण कौतुक त्याचे. "तुम्ही इथेच राहा," ती म्हणाली, "ह्यांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं."

त्या दिवशी दुपारपासून आभाळ भरून आले होते. एकेक करून सगळ्या होड्या परतल्या. राहिली ती फक्त काकाची. दिवस मावळायच्या आधीच मावशीने मला पेटवून मधल्या खिळ्यावर टांगले आणि रॉकेलचा डबा घेऊन ती धक्क्यावर गेली. पांढरा दिवा लावून ती तिथेच समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. खालून आमचा व्हरांडा दिसत नाही, मध्ये झाडे आहेत.

घड्याळजी खोलीतून बाहेर आला. वारा थेट माझ्या अंगावर येत होता. ज्योत फडफडत होती आणि धूर त्याच्या खोलीत शिरत होता. "काय ही दशा करून घेतलीस," तो मला म्हणाला. त्याने मला उतरवले, विझवले, वात सारखी कापली, काचेवरची काजळी पुसली आणि पुन्हा पेटवले. मग त्याने तुळईकडे पाहिले. कोपऱ्यातला खिळा भिंतीच्या आडोशाला होता आणि रिकामा होता. "इथे बरा राहशील," म्हणून त्याने मला तिथे टांगले आणि खुर्ची ओढून समुद्र बघत बसला.

मित्रांनो, इतका लख्ख मी जन्मात कधी जळलो नव्हतो. माझा उजेड पार खडकांच्या पलीकडे जात होता, आणि तो खोटे सांगत होता. मला ओरडायचे होते, पण मला तोंड नव्हते. मला विझायचे होते, पण वात कशी छान कापलेली होती. वाऱ्याने यावे आणि मला खाली आपटून फोडावे, असे मी मनापासून मागितले. वारा कोपऱ्यापर्यंत पोहोचत नव्हता.

अंधारता अंधारता काकाच्या होडीचा दिवा दिसला. खाडीच्या तोंडाशी येऊन तो क्षणभर थांबल्यासारखा झाला. मग हळूहळू एका अंगाला वळू लागला. खडकांकडे. घड्याळजी कौतुकाने बघत होता. मी बघत होतो आणि माझा जीव जात होता.

खालून मावशीची हाक ऐकू आली, "अहो, तिकडे कुठे?" तिचा आवाज होडीपर्यंत जाणे शक्य नव्हते. पुन्हा एकदा तीच हाक आली, मग आवाज बंद झाला. तिच्या ध्यानात आले असावे. ती टेकडी कशी चढली कोण जाणे. व्हरांड्यात आली ती धापा टाकतच.

घड्याळजी उठून म्हणाला, "मावशी, बघा, कसा झकास जळतोय."

तिने मला खिळ्यावरून ओढले. मधल्या खिळ्याकडे तिचा हात गेला आणि तिथेच थांबला. आता परत सरकवून उपयोग नव्हता. होडी खडकांच्या तोंडात होती आणि वळायला जागा कुठे आहे हे मी सांगू शकत नव्हतो. तिने काच उघडली आणि फुंकर मारली. मी विझलो. तापलेल्या पत्र्याने तिचे हात भाजले, तरी मला पोटाशी धरून ती खाली बसली. समोर नुसता काळोख होता. होडीचा दिवाही दिसेनासा झाला होता.

"काय झालं, मावशी?" घड्याळजी विचारत राहिला. शेवटी तिने सांगितले. ती रात्र आम्ही तिघांनी तशीच काढली. मी तिच्या मांडीवर हळूहळू गार होत गेलो.

उजाडल्यावर होडी आली. पुढचा भाग फुटला होता. सुकाणूवर लेक होती, आणि होडीत दुसरे कुणी नव्हते.

ती टेकडी चढून वर आली आणि पायरीवर बसली. "लाल दिवा विझला आणि बाबांना कळलं," ती म्हणाली. "होडी तोवर खडकावर चढली होती. ते खडकावर उतरले, बांबू लावून होडी मागे लोटली. मी इंजिन उलटं टाकलं. होडी सुटली. मोठी लाट आली, आई. मला ते परत दिसलेच नाहीत."

मावशीने तिला जवळ घेतले.

"मी त्यांना म्हणत होते, बाबा, समोर खडक वाटतोय. ते म्हणाले, दिवा सरकलाय म्हणजे वाट सरकली असणार. तुझी आई चुकायची नाही."

घड्याळजी दारात उभा होता. "तिने नाही, मी सरकवला," तो म्हणाला.

लेक त्याच्याकडे वळली. "कशाला?"

"तिथे वारा लागत होता त्याला."

काकाचा देह दुपारी ओहोटीला सापडला. घड्याळजी खांदा द्यायला पुढे झाला. कुणी त्याला अडवले नाही आणि कुणी त्याच्याशी बोललेही नाही. संध्याकाळच्या बसने तो गेला. जाताना त्याला माझ्याकडे बघवले नाही. मला त्याचा राग करायचा होता, पण माझ्यावर इतकी माया दुसऱ्या कुणी केलेली मला आठवत नाही.

लेक आजही समुद्रावर जाते. मावशी आता धक्क्यावर जात नाही. मला पेटवते आणि लेक घरी येईपर्यंत माझ्याखाली बसून राहते. पाहुण्यांना ती खोली देत नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी परक्या गावी जाल. तिथे तुम्हाला एखादी मळकी, वेडीवाकडी टांगलेली वस्तू दिसेल. ती पुसायला, सरळ करायला तुमचे हात शिवशिवतील, आणि तुमचे मन चांगलेच असेल. तरी हात लावण्याआधी घरच्या माणसाला विचारा. त्या संध्याकाळी विचारायला मावशी काही लांब नव्हती. हाक मारली असती, तर तिला ऐकू गेली असती.