राजा नहरीत उतरला

माझी बहीण हुमायक माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लहानपणी घोड्यावरून पडून माझा डावा पाय मोडला आणि वाकडाच बसला, म्हणून बापाची कुदळ तिच्या हाती गेली आणि वरचा रहाट माझ्या. ती जमिनीखाली नहर खणायची, मी माती वर ओढायचो. बाईमाणसाने नहरीत उतरणं आमच्या पार्थवांना रुचत नाही. पण पाणी आल्यावर कुणी ते पिणं सोडलं नाही.

आमच्याकडचा कायदा फार जुना आहे. डोंगरातलं पाणी जमिनीखालून आणून जो कोरडं रान भिजवील, त्याच्या घराने ते रान पाच पिढ्या कसायचं. त्यानंतर ते राजाचं. आमची नहर खापरपणजोबांनी आणली. आम्ही भावंडं पाचवी पिढी. म्हणजे माझ्या दोन मुलींना त्या जवाच्या शेतात पाऊल ठेवायचा हक्क उरणार नव्हता.

पण मधे एक लढाई झाली होती. मी चौदा वर्षांचा असताना पश्चिमेकडून यवनांचं, म्हणजे ग्रीकांचं, सैन्य चालून आलं. राजा तेव्हा नुकताच गादीवर बसलेला, तरणाबांड. त्याचं जन्मनाव आम्हाला ठाऊक नाही. आमच्याकडे गादीवर बसेल तो अर्शकच. मागे हटताना शत्रूला घोटभरही पाणी मिळू नये म्हणून त्याने वाटेवरच्या नहरींच्या विहिरी, म्हणजे हवेला आणि माती काढायला वरून बोगद्यापर्यंत खणलेली भोकं, बुजवायला लावल्या. आमच्या अठरा विहिरी दोन दिवसांत भरल्या. दगड टाकले, माती टाकली, मेलेली घोडीसुद्धा टाकली. यवन तहानेने परत फिरले. मग राजा त्यांच्या मागे लागला तो लागलाच. माद देश घेतला, बाबिलोन घेतलं, एलाम घेतला. तो जिंकत होता तेवढ्या वर्षांत आम्ही खणत होतो. तोंडाकडच्या आठ विहिरी उपसून मोकळ्या झाल्या, पण त्यापुढचा जुना बोगदा पार बसला होता, म्हणून हुमायकने तिथून डोंगराकडे वर सरकून नवाच खणला. नऊ वर्षं लागली. बाप तिसऱ्या वर्षी गेला.

म्हणून तिचं म्हणणं असं की पाणी नवं आहे, पिढ्या आमच्यापासून मोजा. राजाचा कारभारी फ्राबख्त म्हणायचा, नहरीचं तोंड तेच आहे ना, मग नहरही तीच. नवं पाणी आल्यावर वीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं; माझ्या मुली मोठ्या व्हायला लागल्या तेव्हा हा वाद निघाला, तो दोन वर्षं चालला. फ्राबख्त माणूस वाईट नव्हता, पण एकदा बोललेलं मागे घ्यायचं त्याच्या जिवावर यायचं.

त्या वसंतात राजा सैन्य घेऊन आमच्या बाजूने पूर्वेला निघाला. गावाबाहेर चिनाराखाली तो लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसला. दाढी पांढरी झालेली, आणि जन्म खोगिरावर गेल्यामुळे पाय कमानीसारखे वाकलेले. आमची पाळी आली तेव्हा फ्राबख्तने व्यवस्थित सगळं मांडलं. मग हुमायक बोलली. विहिरी बुजल्याचं तिने सांगितलं तेव्हा राजाने विचारलं, कुणी बुजवल्या? फ्राबख्त खोकला. मी खाली मान घातली.

“आपल्याच हुकमाने, महाराज,” हुमायक म्हणाली.

राजा म्हणाला की मला आठवतं, मी त्या टेकाडावर उभा होतो. आणि उठला. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते दाखव, म्हणाला.

अंगरक्षकांचे चेहरे उतरले. आधी आम्ही उतरतो, असं ते म्हणू लागले. हुमायक म्हणाली, इतकी माणसं आत शिरली तर श्वास कुणी घ्यायचा? शेवटी राजाने उंच टोपी आणि तलवार काढून ठेवली आणि नहरीच्या तोंडातून तो तिच्या मागे पाण्यात शिरला. पुढे तिचा दिवा, मागे तो.

आत काय झालं ते काही मी विहिरींच्या तोंडाशी कान लावून ऐकलं, काही तिने नंतर सांगितलं. चौथ्या विहिरीपाशी राजाचं डोकं छताला आपटलं. पाचव्यापुढे तो थांबला. श्वास जोरात चालला होता. उघड्या मैदानावरचा माणूस तो; अशा जागी कधी आला नव्हता. हुमायकने मागे वळून पाहिलं नाही.

“बाई, किती राहिलं?” त्याने विचारलं.

“निम्मं झालं, महाराज. भिंतीला हात लावून या. भिंत कुठे जात नाही.”

त्याने हात लावला, आणि तिथेच वाद मिटला. खापरपणजोबा डावखुरे होते. त्यांच्या कुदळीचे घाव रुंद आणि एका बाजूला तिरपे. हुमायकचे अरुंद, सरळ, जवळजवळ. नवव्या विहिरीपाशी राजाची बोटं एकाएकी थांबली. तिने काही सांगायच्या आधीच तो म्हणाला, “इथून तू.” बाजूलाच जुन्या बोगद्याचं तोंड दगडांनी गच्च भरलेलं होतं. त्याने दिवा मागून घेतला, दगड नीट पाहिले, एक हलवून पाहिला. तो हलला नाही.

“चांगलं ठासलंय,” तो म्हणाला.

“हो तर,” हुमायक म्हणाली. “नऊ वर्षं शिव्या दिल्यात मी त्या ठासणाऱ्याला.”

राजा हसला. बोगद्यात तो आवाज इतका मोठा झाला की वर अंगरक्षक तलवारी उपसून उभे राहिले.

बाराव्या विहिरीतून त्याला मी रहाटाने वर काढलं. मातीच्या टोपलीच्या दोरालाच फास करून तो त्यात बसला होता. रक्षक दोर ओढायला धावले, पण त्यांची ओढ एकसारखी पडेना आणि राजा भिंतीवर आपटू लागला, तेव्हा त्याने खालूनच त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. तो वर आला तो गुडघ्यापर्यंत ओला आणि चिखलाने माखलेला.

पाणी नवं आहे, असा निवाडा त्याने दिला. फ्राबख्तने तरी एक शंका काढलीच: बाई विधवा, मूलबाळ नाही, मग पिढ्या कुणापासून मोजायच्या?

“कोफजातपासून मोजा,” हुमायकने माझ्याकडे बोट केलं. “खणलं मी, पण ओढलं त्याने. तेही तेवढंच काम आहे.”

राजाने मान हलवली आणि फ्राबख्तने तिथल्या तिथे खापरावर लिहून शिक्का उमटवला. निघताना हुमायकने राजाला विचारलं, पुन्हा शत्रू आला तर विहिरी पुन्हा बुजवणार का? राजाने तिच्याकडे सरळ पाहिलं.

“बुजवाव्या लागल्या तर बुजवीन,” तो म्हणाला. “खोटं सांगत नाही.”

“मग निदान दगडच टाका, महाराज. मेलेली घोडी नको. फार त्रास झाला त्यांचा.”

त्याने तसा शब्द दिला.

सैन्य दोन दिवसांनी गेलं. त्या वर्षी जव भरघोस आला आणि बांधावर आम्ही कलिंगडं लावली. उन्हाळ्यात दुपारी हुमायक पाटात पाय सोडून बसायची. फ्राबख्त अधूनमधून यायचा, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत एक कलिंगड काखेत मारून न्यायचा. तीही चांगलंसं निवडून द्यायची. माझ्या धाकटीने पहिल्यांदा एकटीने बारं धरून शेताला पाणी दिलं त्या दिवशी हुमायक बांधावर आडवी पडली, तोंडावर पदर घेतला आणि मला म्हणाली, “आता मला संध्याकाळपर्यंत उठवू नकोस.” मी उठवलं नाही.