संत वाल्दाचं बोट

स्फटिकाच्या नळीवर कापसाची काडी फिरवली तेव्हा ती पिवळट तपकिरी झाली. मेण, धूळ आणि मेद. मेद म्हणजे ओठांवरचं तेल. कित्येक पिढ्या भाविक या नळीचं चुंबन घेत आले होते. ग्रॅहम शेजारून म्हणाला, "जपून. जगातली सगळ्यात जुनी लिपस्टिक आहे ती."

क्राइस्टचर्चमध्ये ग्रॅहमचं जुन्या कलावस्तू तपासण्याचं छोटं वर्कशॉप आहे. केमिस्ट्रीत एमएससी झाल्यावर मी तिथे लागले. नळीत संत वाल्दाच्या बोटाचं एक हाड होतं. ही ऱ्हाईनकाठच्या एका गावातल्या मठाची प्रमुख. अकराव्या शतकात अंथरुणातच वारली. हाड फिरत फिरत इथल्या एका शेतकरी कुटुंबाकडे आलं होतं आणि आता त्यांना ते अकारोआजवळच्या चॅपलला दान द्यायचं होतं. सणाच्या रविवारी लोक पुन्हा त्याचं चुंबन घेणार होते. त्याआधी, हे त्याच गावातलं आहे असा अहवाल हवा होता. तो मी लिहायचा. तो गेला की माझी नोकरी कायम, आणि नोकरीवर माझा रेसिडेन्स व्हिसा.

कागदपत्रं काहीच नव्हती, म्हणून मी चित्रांतून मागे जात राहिले. चर्चच्या वेदीमागे लावायच्या, पंधराव्या शतकातल्या एका चित्रात हीच नळी सापडली. टोपण धरून ठेवणारी एक नखी वाकडी, अगदी आमच्यासारखी. त्याआधीचं एक लाकडी फळीवरचं चित्र, १३६०च्या सुमाराचं. त्यात एक पाद्री पांढऱ्या कापडाने राखेतून बोट उचलतोय, मागे नदीकाठी घर जळतंय. त्याहून जुन्या प्रार्थनापुस्तकात वाल्दाला थडग्यात ठेवताहेत. हात जोडलेले, दहाही बोटं जागेवर.

"आगीतून वाचलेलं बोट," ग्रॅहम खूश होऊन म्हणाला. "चमत्कार. लोकांना हेच हवं असतं."

मग मी हाड मायक्रोस्कोपखाली धरलं. त्यावर आडव्या, चंद्रकोरीसारख्या भेगा होत्या. जुनं हाड वाळलं की तडकतंच, असं ग्रॅहमचं म्हणणं. त्याच्याकडे माणसं पुरतात. मी मागच्या वर्षी संगम माहुलीला तिसऱ्या दिवशी बाबांच्या अस्थी वेचल्या होत्या. राखेवर पाणी मारलं, आणि निळसर पांढऱ्या तुकड्यांवर मी या भेगा पाहिल्या होत्या. तरी आठवणीवर विसंबायला नको म्हणून संदर्भ तपासले. वाळलेलं हाड जाळलं तर बहुतेक उभं तडकतं. मांसासकट जळालं तर अशा आडव्या भेगा पडतात.

आग लागली तेव्हा वाल्दाला मरून तीनशे वर्षं झाली होती. हे बोट तिचं नव्हतं. ते अंगावर मांस असलेल्या कुणाचं तरी होतं.

मी फळीवरचं चित्र मोठं करून पाहिलं. जळत्या घराच्या खिडकीत पिवळ्या टोकदार आकृत्या होत्या. कॅटलॉगमध्ये त्यांना ज्वाळा म्हटलं होतं. त्या टोप्या होत्या; त्या काळचे चित्रकार ज्यूंना ओळखू यावं म्हणून त्यांच्या डोक्यावर काढत, तशा. टोप्यांखाली चेहरे होते. १३४९मध्ये प्लेगची साथ आली तेव्हा विहिरीत विष कालवल्याचा आळ घेऊन ऱ्हाईनकाठी ज्यूंना जाळलं होतं. चित्रातला पाद्री हसत होता. बाबांच्या वेळी मीही कापड असंच धरलं होतं.

हाड वर्कशॉपमध्ये आल्यापासून आई मला आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात घेत नव्हती. ती साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी रिकार्टनला माझ्याकडे आलेली. ग्लोव्ह्ज घालते गं, असं म्हणून मी तिची रोज थट्टा करायचे. त्या दिवशी तिला सगळं सांगितलं. ती कणीक मळायची थांबली.

"त्याच्या मागे कुणी उरलंच नसेल," ती म्हणाली. "नाहीतर वेचायला आलं असतं ना."

अहवालात मी सगळं लिहिलं. ग्रॅहमने तो दोनदा वाचला आणि भेगांचा नि टोप्यांचा परिच्छेद काढायला सांगितलं. बाकी काम, त्याच्या शब्दांत, स्वीट अ‍ॅज, म्हणजे झकास होतं.

"मग उरतं काय?"

"गाव बरोबर आहे. काळ बरोबर आहे. त्यांनी विचारलेलं सगळं बरोबर आहे."

"आणि रविवारी लोक ओठ कुणाला लावणार?"

"काचेला, गार्गी. काचेला लावणार."

मी सही करणार नाही म्हटलं. तो रागावला नाही. परिच्छेद खोडून त्याने स्वतः सही केली आणि तिथल्या तिथे सांगितलं की माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणार नाही. मी घरी जाऊन पूर्ण अहवाल त्या कुटुंबाला ईमेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. माहिती फार इंटरेस्टिंग होती, हीप्स ऑफ थँक्स, कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल, तुम्हीही जरूर या.

सामान आणायला गेले तेव्हा ग्रॅहम नळी पेटीत ठेवत होता. त्याने तिच्यावर हाः करून वाफ सोडली आणि शर्टाच्या बाहीने घासली.

"मस्त निघालंय," तो म्हणाला.

नळी लख्ख दिसत होती. ओठांचा तो सगळा चिकट थर गेला होता. मीच काढला होता, रविवारसाठी.