शनीचं जादाचं बटण

घाबरू नका, मित्रांनो. मी शनी असलो तरी कुणाच्या राशीला लागत नाही. लागणार तरी कसा? शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत, छताच्या हुकाला, एका दोरीवर मला टांगून ठेवलंय. पंखा लावला की मी गरगरतो, पंखा बंद केला की गप्प. एवढंच माझं ग्रहपण.

आता मी जुना झालोय. पंचवीस वर्षं म्हणजे कागदाच्या लगद्याला फार झाली. आकाशातला माझा थोरला भाऊ साडेचार अब्ज वर्षांचा आहे, ते सोडा. पोट मात्र दोघांचंही सुटलेलं. तो इतक्या वेगाने फिरतो की त्याचा दिवस साडेदहा-अकरा तासांतच आटोपतो आणि त्या गरगरीने त्याचं पोट बाहेर येतं. माझं आलं ते फुगा वेडावाकडा फुगला म्हणून.

आमच्या विज्ञानाच्या बाई तेव्हा नव्यानेच शाळेत लागल्या होत्या. त्यांनी त्या फुग्यावर वर्तमानपत्राचे कपटे खळीने चिकटवले, वाळवले, वरून पिवळा रंग दिला आणि मला काखोटीला मारून त्या वडिलांच्या दुकानात गेल्या. वडील शिंपी. मशीनवर पाय चालूच होता.

"बाबा, याला कडं शिवून द्या ना."

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "भोपळ्याला?"

"शनी आहे हो तो!"

"असं होय. मग माप घ्यायला हवं."

त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि माझ्या पोटाचं माप घेतलं. वर मापांच्या वहीत लिहिलं, 'शनी, कंबर तीस'. इतक्या मानाने मला आजवर कुणी वागवलं नाही. कॉलरमध्ये घालतात त्या कडक बक्रमचं त्यांनी माझं कडं केलं.

"आता चंद्र," बाई म्हणाल्या. "अठरा."

"एकट्याला अठरा? आपल्याला मेला एक, आणि तोही महिन्यातले अर्धे दिवस रजेवर."

उरल्यासुरल्या बटणांचा डबा निघाला. दोऱ्याला एकेक बटण बांधून बाबांनी अठरा चंद्र माझ्या कड्याला लटकवले. बाई खाली सांडलेले कपटे झाडत होत्या, तेवढ्यात बाबांनी एक लहानसं काळं बटण निवडलं, माझ्या पोटाखाली, कड्याच्या आड घट्ट शिवलं आणि दोरा दाताने तोडला. ते कशासाठी, हे मला तेव्हा कळलं नाही. विचारायला तोंडही नव्हतं.

पण मित्रांनो, आकाशाकडे बघणाऱ्या माणसांना स्वस्थ बसवत नाही. वर्ष उलटतंय तोवर आणखी बारा चंद्र सापडले. बाईंनी दुकानात फोन लावला.

"बाबा, बारा बटणं घेऊन या."

"आधीची तुटली?"

"तुटली नाहीत. नवे चंद्र सापडलेत."

"अगं, एकदाच काय ते नीट शोधून सांगायला काय होतं यांना?"

तसं ते सोपं नाही. हे नवे चंद्र म्हणजे काही किलोमीटरचे धोंडे. काळ्या कापडावर काळी टाचणी पडावी तसे. शास्त्रज्ञ आकाशाच्या एकाच तुकड्याचे कितीतरी फोटो काढून ते एकावर एक रचतात, तेव्हा कुठे तो फिकट ठिपका उजळतो. मग तो शनीभोवतीच फिरतोय ना, हे बघण्यात वर्षं जातात. बाईंनी हे समजावल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखंच. एक टाचणी शोधायला सगळं दुकान झाडायचं."

प्रत्येक बटणाची एक गोष्ट झाली. कोटाचं मोठं तपकिरी बटण म्हणजे टायटन. त्या चंद्रावर खरोखर नद्या आणि तळी आहेत, फक्त त्यांत पाणी नाही, मिथेन आहे. पोहायला जाल तर गोठाल. मोत्यासारखं पांढरं बटण म्हणजे एन्सेलॅडस. कॅसिनी नावाचं यान तिथं गेलं आणि त्याला दिसलं की या बर्फाच्या गोळ्यातून पाण्याची कारंजी उडतायत! बाईंनी त्या बटणाला कापसाच्या वाती चिकटवल्या. बाबांनी निरखून पाहिलं. "गळतंय हे. बदलून देऊ?"

कॅसिनी तेरा वर्षं माझ्या भावाभोवती फिरलं. आमच्याकडे मुलांनी रिकाम्या रिळाचं कॅसिनी करून दोऱ्याने माझ्याजवळ टांगलं होतं. पुढे खऱ्या यानाचं इंधन संपत आलं. भरकटून ते पाण्याच्या चंद्रावर आदळलं आणि तिथं कुणी जीवजंतू असलेच तर त्यांना उगाच आपली बाधा, म्हणून शास्त्रज्ञांनी ते मुद्दाम शनीतच शिरू दिलं. शेवटपर्यंत ते निरोप पाठवत होतं. त्या दिवशी बाईंनी रिळाचा दोरा कापला आणि पोटाला चीर पाडून ते माझ्यात ठेवलं. अजूनही मी हललो की ते आत खडखडतं. मला त्याची सोबत वाटते.

शेजारच्या हुकाला टांगलेल्या गुरूशी माझं कधी पटलं नाही. २०२३ च्या सुरुवातीला त्याचे चंद्र ब्याण्णव झाले आणि माझे त्र्याऐंशी. तीन-चार महिने तो नुसता फुगून होता. मग मला एका दमात बासष्ट मिळाले, वर आणखी एक! तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून आहे. दोरीला पीळ पडलाय, असं शिपाईकाका म्हणतात. म्हणोत बापडे.

दिवस असे मजेत चालले होते, पण बाबांचे हात कापायला लागले. सुईत दोरा जाईना. दुकान बंद झालं, मशीनवर चादर पडली. बाबा हात खिशात घालून खिडकीशी बसतात, असं बाई एकदा शिपाईकाकांना सांगत होत्या. सांगताना त्यांनी माझी धूळ पुसली. एकच जागा तीनदा पुसली.

आणि नेमकं तेव्हाच, २०२५ च्या मार्चमध्ये, बातमी आली. एकशे अठ्ठावीस नवे चंद्र, एकदम! सगळे मिळून दोनशे चौऱ्याहत्तर. त्याच महिन्यात आकाशातल्या शनीचं कडं पृथ्वीवरून दिसेनासं झालं. गेलं नव्हतं कुठे. पसारा लाखो किलोमीटरचा आणि जाडी जेमतेम काही मीटर, त्यामुळे बरोबर कडेकडून पाहिलं की ते दिसतच नाही. तरी मला जरा कसंसंच झालं.

त्याच आठवड्यात आमच्या खोलीत ग्रहतारे दाखवणारा भलामोठा पडदा आला, आणि मागोमाग मुख्याध्यापिका, आमच्या मोठ्या बाई. मोठ्या बाई मूळच्या गणिताच्या. त्यांनी मान वर केली.

"याला चंद्र किती?"

"एकशे सेहेचाळीस," आमच्या बाई म्हणाल्या.

"आणि खरे?"

बाईंनी नवा आकडा सांगितला.

"चुकीचं साहित्य मुलांसमोर नको, बाई. प्लूटोलाही आपण ग्रहांच्या ओळीतून उतरवलाच ना? शनिवारपर्यंत बरोबर करा. नाहीतर रद्दीत."

शनिवारी! माझ्याच वारी!

दुसऱ्या दिवशी बाई बाबांना घेऊन आल्या. बाबा माझ्याखाली उभे राहिले. हात खिशातच.

"माझ्याच्यानं नाही होणार, बाळा. त्याला म्हणावं, आता रेडिमेड घे."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात पुढच्या बाकावरची मुलगी उठली. तिला सगळे प्रश्नपेटी म्हणतात.

"आजोबा, दोरा आम्ही ओवला तर?"

"शिवणार कोण?"

"आम्हीच. तुम्ही फक्त ओरडा."

बाबा हसले. "ओरडायला हात लागत नाहीत, हे खरं."

मित्रांनो, काय तो आठवडा! मुलांनी घरोघरची बटणं आणली. काकाच्या लग्नातल्या कोटाचं, मामाच्या गणवेशाचं, बाळाच्या स्वेटरचं बदकाच्या आकाराचं. कडं भाराने वाकायला लागलं, तेव्हा बाबांनी मोडक्या छत्रीच्या काड्या मागवून त्या काठात शिवून घेतल्या. पहिल्या दिवशी पोरांनी शर्टाला लावतात तशी बटणं आवळून शिवली.

"अरे, चंद्र आहेत ते! फिरायला दोरा सोडा त्यांना!" बाबा खुर्चीवर उभे राहून ओरडले. खिशातून हात केव्हाच बाहेर आले होते.

प्रश्नपेटीने तर आपली बाहीच माझ्या कड्याला शिवून टाकली. बाबांनी कात्रीने तिला सोडवलं. "एक चंद्र कमी पडला तर चालेल, पण तुझ्या आईला काय सांगू? पोरगी शनीला लागली म्हणून?"

शुक्रवारी शेवटचं बटण उरलं. प्रश्नपेटीने सुई ओवली आणि बाबांच्या पुढे धरली. बाबांनी ती घेतली. दहा मिनिटं लागली. हात थरथरत होता, सुई थरथरत होती, मीही थरथरत होतो. पण टाका बसला.

शनिवारी मोठ्या बाई आल्या. शिडीवर चढल्या आणि पट्टीच्या टोकाने एकेक चंद्र मोजू लागल्या. कड्याचा वरचा काठ झाला, खालचा झाला. मग त्या वाकल्या आणि पट्टी माझ्या पोटाखाली टेकली.

"दोनशे पंच्याहत्तर. एक जास्त आहे."

बाईंचा चेहरा उतरला. चूक ती चूक, एकाची असो की शंभराची.

"ते काळं ना?" बाबा म्हणाले. "ते जादाचं आहे. पंचवीस वर्षं झाली त्याला. आम्ही शर्टाच्या आतल्या बाजूला एक बटण जास्तीचं लावतोच, बाई. गिऱ्हाइकाला ठाऊकही नसतं. पण वेळेला सापडतं."

"अहो, पण चंद्र काय शर्टाच्या बटणासारखे तुटून हरवतात?"

"हरवत नाहीत, सापडतात!" प्रश्नपेटी बाकावरून ओरडली. "बाई, ते पुढच्याचं आहे! जो अजून सापडलाच नाहीये, त्याचं!"

मोठ्या बाई शिडीवरच थांबल्या. हळूच त्यांनी आपल्या कोटाची आतली पट्टी उलटून पाहिली. तिथं एक बटण होतं. त्यांनी पट्टी पुन्हा नीट केली, खाली उतरल्या, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, 'शनी : २७४'. जरा थांबून त्यापुढे अधिकचं चिन्ह काढलं आणि पुढची जागा मोकळी सोडली.

"गणितात हे बसतं," त्या म्हणाल्या.

मुलांनी असा गलका केला की गुरूसुद्धा वळून बघायला लागला.

आता दर शनिवारी बाबा शाळेत येतात. फाटलेली दप्तरं, उसवलेल्या बाह्या मुलं स्वतः शिवतात आणि बाबा खुर्चीवरून ओरडतात. घरी मशीनवरची चादरही निघाली म्हणे.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. एखादी वस्तू मागे पडली म्हणून लगेच रद्दीत घालू नका. आधी सुई-दोरा घेऊन बघा. माणसाचे हात थकले तर त्याची सुई तुम्ही ओवा. आणि अधूनमधून वर बघत जा. पुढचा चंद्र तुमच्यापैकीच कुणाला तरी सापडेल. घाई नाही. त्याचं बटण मी पोटाशी सांभाळून ठेवलंय.