मध्ये घुसवलेला टप्पा

हौस माझीच, दुसऱ्या कोणाला बोल लावू?

हॉस्पिटलच्या लॅबमधून रिपोर्ट निघाला की आमच्या वेब सर्व्हिसमधून वॉर्डात जातो. तिचं फ्रेमवर्क, म्हणजे आतला तयार सांगाडा, रिपोर्टचा प्रत्येक मेसेज ठरलेल्या टप्प्यांतून नेतं. पेशंटचा नंबर नसेल तर सरळ परत पाठवतं. सात वर्षांपूर्वी लॅबवाले नंबर टाकायला विसरायचे आणि रिपोर्ट धडाधड परत यायचे. म्हणून मी मध्ये माझा एक टप्पा घुसवला. बिननंबरी मेसेज तिथे थांबतो, माझ्या फोनवर दिसतो, मी नाव आणि वॉर्ड पडताळून नंबर भरतो, मग तो पुढे जातो. चार दिवसांची सोय होती हो! लॅबवाल्यांनी काय केलं? नंबर टाकणंच सोडून दिलं. "दादा भरतात की!"

दाढ काढून घेतानाही मी एका हाताने नंबर भरलेत.

बायकोची बदली झाली, ती लेकीला घेऊन दुसऱ्या शहरात गेली, त्याला वर्ष झालं. तिथे मला नोकरी मिळाली आहे. एक तारखेला हजर झालो नाही तर ती दुसऱ्याला जाणार. राजीनामा घेऊन गेलो तर आमचे साहेब म्हणाले, "जा की! कोण अडवतंय? फक्त तो टप्पा कोणाला तरी शिकव." दोघांना शिकवलं. दोघांनीही आठवड्याच्या आत काढता पाय घेतला, शहाणे होते. मी म्हटलं, मग लॅबलाच एक दिवस शिकवू द्या. "म्हणजे लॅब बंद ठेवू? डोकं ठिकाणावर आहे ना?"

काल सकाळी माझंच डोकं फिरलं. म्हटलं, गेलं खड्ड्यात, आणि टप्पा काढून टाकला. लॅबच्या स्क्रीनवर लाल ओळ आली की झक मारत टाकतील नंबर! दहा मिनिटांत लॅबमधल्या ताईंचा फोन आला.

"अरे दादा, लाल-लाल काहीतरी येतंय. बघ ना जरा."

"ताई, नंबर टाका. कागदावर आहेच की."

"मला कुठे येतं ते? मी लागल्यापासून तूच भरतोस."

खरंच होतं. फोनवरच शिकवायला लागलो, तेवढ्यात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर दुसऱ्या फोनवर ओरडायला लागल्या. बाई टेबलावर होती आणि रक्तगटाचा रिपोर्ट पोचला नव्हता. टप्पा परत घातला, नंबर भरला, रिपोर्ट गेला. बाई वाचली, फार बरं झालं. पण मला खुर्चीतच रडू आलं.

संध्याकाळी बायकोला सांगितलं, "एक तारखेला नाही जमत गं."

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"माहीत होतं," ती म्हणाली. "परवा शाळेचा फॉर्म भरला. तातडीला कोणाला बोलवायचं ते विचारतात ना, तिथे माझ्या भावाचं नाव दिलंय."

"माझं का नाही?"

"मी तुझंच लिहीत होते. लेकच म्हणाली, मामाचं लिही, तो येतो."