दोनाला दोन

दुर्गेश पराते बुटीबोरीला सूत रंगवायच्या एका कारखान्यात धुलाईवर होता. सूत पांढरं करणारं हायड्रोजन पेरॉक्साइड त्याच्याच हातून हौदात पडायचं. इतकी वर्षं बिनबोभाट पडलं. मग एक शहाणा साहेब आला आणि त्यानं फतवा काढला: जो रसायन हाताळतो, त्याला त्याचं सूत्र लिहिता आलं पाहिजे. नाही आलं तर कंत्राट संपलं. आता बोला!

दहावीतली लेक ऋतुजा त्याची मास्तरीण झाली. हायड्रोजनला एक हात, ऑक्सिजनला दोन, आणि कोणाचाच हात मोकळा राहता कामा नये, हे तिनं पोळ्या लाटता लाटता त्याच्याकडून घोकवून घेतलं. पेरॉक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन एकमेकांचा हात धरतात आणि उरलेल्या हातानं एकेक हायड्रोजन, हेही त्याला पटलं. बिचारा झोपेतसुद्धा बोटं जुळवायचा.

परीक्षेचा दिवस आला. या वयात हाकललं तर जायचं कुठं, हेच डोक्यात घणघणत होतं. तरी त्यानं H₂O₂ लिहिलं, अगदी बरोबर. अन् मग मेली सवय आडवी आली. धुलाईत दोन डबे याचे, दोन डबे त्याचे म्हणजे एकाला एक. लांबण लावून माप सांगणाऱ्याला तिथं येडा म्हणतात. त्यानं दोन्ही दोन खोडले, HO ठेवलं आणि पेपर देऊन टाकला.

दारापर्यंत पोचला नाही तोच बोटं आपोआप जुळली, आणि ऑक्सिजनचा एक हात मोकळाच राहिला. तो उलट्या पावली धावला, साहेबाचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले. साहेबानं पेपर तपासूनही टाकला होता. उद्यापासून येऊ नको म्हणाला.

ऋतुजा दारातच उभी होती. बापाचं तोंड पाहूनच समजली.

"मीच बरोबर नाही शिकवलं ना, बाबा?" म्हणाली आणि रडायलाच लागली. नोकरी गेली ती गेली, पण हे दुर्गेशला पाहवेना.

"तुझं काहीच चुकलं नाही वं. म्या सारं बरोबर लिहिलं. तरी काढलं त्यायनं."

पोरीचं रडणं थांबलं. डोळे पुसले आणि राग चढला.

"मग पेपर दाखवा म्हणा त्याले. सकाळी मी येतो तुमच्यासंग."

दुर्गेशनं नको नको म्हणून पाहिलं. ऐकते कुठं? साहेबापुढं नीट दिसावं म्हणून तिनं शाळेचा ड्रेस इस्त्रीला काढला.