फेट्याखालचं हेल्मेट

हेल्मेटच्या हनुवटीच्या पट्ट्यात एक केस अडकला होता — आखूड, अर्धा पांढरा, योगीराजचाच — तरी राजेश्रीनं तो उजेडात धरून नीट पाहिला, कारण नवऱ्याच्या वस्तूत नवऱ्याचाच केस निघाला म्हणून काही सिद्ध होत नाही. तो बाहेर घोडीला खरारा करत होता. जन्मभर उघड्या डोक्यानं घोडी पळवलेला माणूस. मोटारसायकलवरसुद्धा परभणीत पोलीस दिसला तरच हेल्मेट चढवणारा. आणि आता घोडीवर बसायला हेल्मेट! कुणी सांगितलं? मी इतकी वर्षं नुसतं ‘सावकाश जा’ म्हटलं तरी अंगावर यायचा…

“नियम हाय आता,” म्हणाला होता. कुणाचा नियम? घोडीला काय नंबरप्लेट असते?

कुणाचा ते तिला ठाऊक होतं. जनावरांच्या दवाखान्यातली ती नवी डॉक्टरीण. उन्हाळ्यात घोडीचा पाय दाखवायला हा परभणीला गेला, पाय बरा झाला, पण ह्याची परभणी काही संपेना. घोडी इथं दावणीला, मोटारसायकल दारात, आणि स्वारी एसटीनं — गाडी कुणी ओळखू नये म्हणून, दुसरं काय!

“आगं, कुणी का सांगंना, डोस्कं तर शाबूत राहील,” सासू चतुराबाई म्हणाल्या. अस्सं. म्हणजे ह्यांनाही माहीत आहे तर.

दुपारी गावातच लग्न होतं. नवरदेवाला घोडीवरून मारुतीला न्यायचं, पण त्याआधी योगीराज स्वतः वर बसून हलगीवर घोडी नाचवायचा, हा रिवाजच. बिनफेट्याचा घोडीवाला कसा चालेल, म्हणून ह्यानं हेल्मेटवरच फेटा बांधला. डोकं भोपळ्याएवढं.

“योगीराज, घोडीचं लायसन काढलं का?” कुणीतरी ओरडलं. बाया खिदळल्या. पाराजवळ उभ्या राजेश्रीचे कान तापले. कुणासाठी एवढं हसं करून घेतोस रे? एवढी प्यारी आहे ती?

हलगी कडाडली. घोडी ठेक्यात पाय टाकू लागली… आणि लगाम सैल पडला. घोडी सवयीनं नाचतच होती, वर हा ताठ, तोंड किंचित उघडं, नजर थेट राजेश्रीवर — आणि त्या नजरेत ती नव्हतीच. कुणीच नव्हतं. लोकांना ती ऐट वाटली, शिट्ट्या वाजल्या. मग तो दचकला, लगाम चाचपडला, कुणी पाहिलं का म्हणून चोरासारखं इकडंतिकडं बघितलं, आणि उतरला.

परवा चहाचा कप हातातून पडला होता — ‘निसटला’ म्हणाला. विहिरीच्या काठावर जाणं सोडलं. मोटारसायकल दारात. आणि ते हेल्मेट, शुद्ध जाऊन पडलाच तर डोकं वाचावं म्हणून… एकेक आठवायला लागलं आणि तिला काहीच आठवायचं नव्हतं.

संध्याकाळी तो फेटा सोडत बसला होता.

“तुमी परभणीला जाता कुठं?”

“दवाखान्यात.”

“कोणत्या?”

“जनावराच्या,” म्हणाला, तिच्याकडं न बघता.

सकाळी ह्या उत्तरावर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. आता ती त्याच्या खाली घातलेल्या मानेकडं बघत राहिली.

“ती डॉक्टरीण दिसायला लय चांगली हाय म्हणतेत,” ती म्हणाली.

तो फेट्याची घडी घालत राहिला. हो म्हण ना. लाज, चिडचिड कर, काहीतरी चोरून ठेवल्यासारखा बघ… मी भांडेन, माहेरी जाईन, परत येईन. बाईच असू दे रे. देवा, बाईच निघू दे.